लेम्पीने मोडलेली वाट

माझी नणंद लेम्पी कांगास हिला सगळं गाव सनकी म्हणतं. म्हणोत बापडे. पण म्हणणाऱ्यांत माझा नवराही आहे, आणि तो तिचा सख्खा भाऊ आहे, म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आज मी सगळं सांगणार आहे, आणि मध्येच कुणी ‘जाऊ दे गं हेल्वी’ म्हणू नका. जाऊ दे, जाऊ दे करतच ही वेळ आली.

लेम्पी आणि मी एका वर्गात होतो. बुटकी, पण खांदे लाकूडतोड्याचे, आणि ते बापाकडूनच आलेले. आई लहानपणीच गेली, तेव्हा बाप तिला जंगलात सोबत न्यायचा. माझ्या हातात विणायच्या सुया आल्या त्या वयात तिच्या हातात पेट्रोलची करवत आली. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एकदा आमच्या पाद्रीबाईंनी विचारलं, तर म्हणाली, “नोव्हेंबरात वेळ नसतो.” नोव्हेंबर म्हणजे शिकारीचा हंगाम. दरवर्षी एक हरण मारायची, एकच, आणि त्यावर तिचा हिवाळा निघायचा. घरात भिंतीवर मात्र एक शिंग नाही. “शिंगं शिजतात का?” म्हणायची.

सांगायचा मुद्दा, ती काही हरणांची पूजा करणारी बाई नव्हे. शिकारीण होती, आणि खरा शिकारी फेब्रुवारीत कळतो असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे सुपीरिअर सरोवरावरून बर्फ येतं ते थांबायचं नावच घेत नाही. डिसेंबर सरता सरता ते हरणाच्या पोटाकडे चढायला लागलं, की लांबलांबची हरणं एका ओळीत, ठरलेल्या एकाच वाटेनं, लेम्पीच्या घरामागच्या दलदलीत यायची. पुढे थोरल्या माद्या, मागे पाडसं. आईनं दाखवलेली वाट, तिला तिच्या आईनं दाखवलेली. दलदलीत सीडरच्या सदाहरित झाडांची दाटी इतकी, की बर्फ वरच्या फांद्यांवरच अडकायचं आणि वारा आत शिरायचाच नाही. मार्च संपेपर्यंत ती तिथं जेमतेम खाऊन उभी राहायची. शरद ऋतूत अंगावर चढवलेली चरबी पुरवून पुरवून वापरायची. म्हातारे नर त्या गर्दीत जात नाहीत. महिनाभर माद्यांमागे धावून त्यांची हाडं निघालेली असतात आणि शिंगं गळून पडलेली. नोव्हेंबरात एकमेकांच्या जिवावर उठलेले हेच नर फेब्रुवारीत दलदलीच्या कडेला, दक्षिणेच्या उतारावर, दोघं-तिघं मिळून ऊन खात बसतात, पेन्शनीतल्या मास्तरांसारखे. त्यांना उठवायचं नाही. एकदा भिऊन पळाले, की त्या पळण्यात जी चरबी जाते ती परत मिळायला मे उजाडावा लागतो, आणि मेपर्यंत कोण जगतंय!

म्हणून बापाचा नियम होता: नवं वर्ष लागलं की बर्फ वितळेपर्यंत दलदलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. लेम्पीनं तो नियम बापापेक्षा कडक पाळला. गळालेली शिंगं शोधायला एक पोरगेलासा इसम बर्फावरची मोटारसायकल घेऊन आला होता. ही फावडं घेऊन आडवी उभी राहिली.

“शिंगं शोधतोय हो आजी.”

“शोध की. एप्रिलमध्ये शोध. आत्ता आत गेलास तर लोकांना तुझं डोकं शोधावं लागेल.”

आणि ते शहरातले हौशी शिकारी! शेजारच्या केबिनवाले. एका फेब्रुवारीत ‘बिचारी उपाशी आहेत हो’ म्हणून मक्याची पोती ओतून गेले. अरे, ज्या पोटात महिनोन् महिने काड्या आणि साली गेल्यात त्यात एकदम मका गेला, की ते पोट आंबतं. भरल्या पोटानं मरतात. लेम्पीनं असं एक मेलेलं पाडस खांद्यावर टाकून नेलं आणि त्यांच्या केबिनच्या पायरीवर ठेवलं. दार उघडल्यावर म्हणाली, “घ्या. जेवलं पोटभर.” ते पुन्हा मका घेऊन आले नाहीत. तिला सनकी म्हणायला सुरुवात तिथून झाली.

ती खायला घालायची ते वेगळं. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्या उतारावरचे एक-दोन मेपल पाडायची, पुढच्या हिवाळ्याच्या जळणासाठी. ओंडके घरी, शेंडे तिथंच. कोवळ्या फांद्या, हरणांच्या ओळखीचं खाणं. करवत सुरू झाली की पाचेक मिनिटांत सीडरच्या कडेला कान दिसायला लागायचे. जनावरं आवाजाला पळतात. ही आवाजाला यायची. लेम्पी करवत बंद करून मागे सरायची आणि ट्रकमध्ये बसून कॉफी प्यायची. तिच्या तोंडावर हसू मी फक्त तेव्हाच पाहिलंय.

आता माझ्या नवऱ्याकडे येते.

बाप गेला तेव्हा घर आणि मेपलचा उतार लेम्पीच्या वाट्याला आला, दलदल ओन्नीच्या. तेव्हा कुणाला वाटलं होतं त्यातून काही बिघडेल? दलदलीचं कोण काय करणार! ओन्नी वाईट माणूस नाही, असं सगळे सांगतात. मीही जन्मभर तेच सांगत आले. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, दक्षिणेत उबेला जाऊन राहायचं, हे त्याचं टुमणं किती वर्षांचं. मागच्या हिवाळ्यात एक दिवस न्याहारीला पावावर लोणी लावता लावता म्हणाला, “सीडर विकले. त्या लाकूड ठेकेदार बुशारची माणसं येताहेत तोडायला.” जसं काही जुनी खाट विकली.

मी म्हटलं, “लेम्पीला सांगितलंस?”

“तू सांग. तुमचं बरं जमतं.”

मी नाही सांगितलं. म्हटलं, आपल्या तोंडानं सांग, तोंड आहे ना! शेवटी लेम्पीला दुकानात कळलं. तशीच बुटांसकट आमच्या स्वयंपाकघरात आली. आमच्याकडे कुणी बुटांसकट घरात येत नाही.

“ओन्नी, उन्हाळ्यात तोड.”

“उन्हाळ्यात यंत्र बुडतं. दलदल गोठलेली असतानाच तोडता येते, हे तुला मी सांगायचं?”

“आणि गोठलेली असते तेव्हाच ती आत असतात, हे तुला मी सांगायचं?”

“झाडं पुन्हा येतात गं.”

“सीडर येत नाही. कोंब आला की हरणंच खातात. तुला माहितीये. बाबांनी आपल्याला एकाच दिवशी दाखवलं होतं ते. तू विसरला नाहीस, ओन्नी. विसरला असतास तर मी तुला माफ केलं असतं.”

न्याहारीलाच बसलेला तो पावावर लोणी लावत राहिला. मला ती सुरी हिसकावून घ्यावीशी वाटली.

बुशारची माणसं फेब्रुवारीत आली. लेम्पी आणि मी उतारावरून पाहत होतो. पहिलं यंत्र घरघरलं, पहिला सीडर पडला, आणि झाडीतून कान दिसले. मग एक मादी. मग तिची पाडसं. मग तो सगळा गोतावळा. पडलेल्या सीडरचे शेंडे खायला आली होती. आपल्याच घराचं छप्पर खात होती, आणि चवीनं खात होती.

बुशार मोठ्यानं हसला. “काय बाई, आमंत्रण न धाडता पंगत बसली! तुम्ही उगाच रडत होता.”

बुशार मनानं वाईट नाही, पण त्या क्षणी मी त्याला बर्फात पुरला असता. लेम्पी त्याच्याकडे पाठ करून निघाली. ट्रकमध्ये येऊन बसली, आणि काचेबाहेर बघत म्हणाली, “हेल्वी, करवतीचा आवाज म्हणजे जेवण, हे मी शिकवलंय त्यांना. मी.”

“मग हाकल त्यांना!”

“कुठं? बाहेर छातीएवढं बर्फ आहे. पळाली तर दोन शेतं ओलांडायच्या आत आडवी होतील.” तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. “आता एकच. बर्फ वितळेपर्यंत यांना थांबवायचं. एकदा दलदल मऊ झाली की पुढच्या हिवाळ्यापर्यंत यंत्र आत जात नाही. तोवर ओन्नीचं मन तरी वळेल, नाहीतर तो मरेल तरी.”

भावाबद्दल असं बोलली म्हणून मला धक्का बसायला हवा होता. नाही बसला.

दलदलीकडे जायची वाट लेम्पीच्या जमिनीतून होती. बापानं ओन्नीला जायचा-यायचा हक्क दिलेला. बुशारनं ती वाट खरवडून काढली होती, कारण उघडी माती थंडीनं दगड होते आणि तिच्यावरून ओझ्याची यंत्रं जातात. बर्फ म्हणजे गोधडी. गोधडीखाली माती गोठत नाही. उलट दलदलीतल्या झऱ्यांनी खालून मऊ होत जाते. लेम्पीनं आपल्या ट्रकला बर्फ लोटायचं पातं लावलं आणि अख्ख्या वाटेवर बर्फ परत लोटून ठेवलं. बुशार सकाळी काढायचा, ही दुपारी घालायची.

गावाला करमणूक झाली. “सगळं गाव बर्फ बाहेर काढतंय आणि ही आत घेतेय!” दुकानात मला ऐकवायचे. ओन्नी तणतणत आला.

“रस्त्याचा हक्क बाबांनी दिलाय मला!”

“दिलाय की. जा ना. साफ करून देईन असं बाबा म्हणाले नव्हते.”

मी हसले, तेही त्याच्या देखत. त्या दिवशी घरी त्यानं माझ्याशी अबोला धरला, आणि मला फार बरं वाटलं.

मार्चची उन्हं आली. एका दुपारी ओंडक्यांनी भरलेलं यंत्र त्या वाटेवर चाकांच्या आसापर्यंत रुतलं. दिवसभर खटपट करून त्यांनी ते काढलं. तोवर अर्धी दलदल भुईसपाट झाली होती आणि हरणं उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीनं उभी होती. बुशार ओन्नीला म्हणाला, “दुसरी वाट असेल तर दाखवा, नाहीतर मी निघालो. मला दुसरी कामं आहेत.”

अर्धी तरी वाचली, असं मी मनात म्हटलंही. पण ओन्नीला दुसरी वाट माहीत होती. पलीकडून, बीव्हरांनी बांध घालून अडवलेल्या तळ्यावरून. कुऱ्हाड घेऊन तो बर्फ ठोकून बघायला तळ्यावर उतरला. लेम्पी काठावरून ओरडली, “ओन्नी, खाली झरा आहे!” तो म्हणाला, “मला शिकवू नकोस.” आणि गेला खाली. एकदम. टोपी तेवढी वर राहिली.

लेम्पीच्या ट्रकमध्ये मारलेलं हरण ओढायचा दोर असतो. तो घेऊन ती पोटावर सरपटत गेली. मी तिचे पाय धरले होते. त्या बाईनं भावाला त्याच दोरानं बाहेर ओढला, बर्फावरून काठापर्यंत, ट्रकपर्यंत, दात ओठ खाऊन. शनिवार होता, त्यामुळे तिचा सॉना, वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, तापत आलेलाच होता. आम्ही त्याला खालच्या फळीवर, जिथं ऊब बेताची असते तिथं, कांबळ्यात गुंडाळून बसवला.

आता हे सांगायला हवं, की आमच्यात सॉनात आवाज चढवत नाहीत. सॉना म्हणजे चर्चच. माझी आजी सॉनात जन्मली आणि तिला शेवटची आंघोळही तिथंच घातली. तिथं भांडत नाहीत, शिव्या देत नाहीत. मोठमोठी भांडणं दाराबाहेर बुटांबरोबर ठेवून माणसं आत गेलेली मी पाहिलीयत. तर ही, महिनाभर आत वाफ कोंडलेली लेम्पी, तापलेल्या दगडांवर पळीपळीनं पाणी घालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

ओन्नीच्या ओठांवर रंग आला. त्याला ती शांतता सोसवेना. “बोल काहीतरी. शिव्या घाल हवं तर.”

लेम्पी अगदी हळू म्हणाली, “दोर टाकताना एकदा थांबले होते मी.”

ओन्नीनं कांबळं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

“एकदाच. मग टाकला. का, ते मला माहीत नाही. तू माझा भाऊ आहेस म्हणून असेल. तू ते अर्धं राहू दे, ओन्नी. मी दुसरं काही मागत नाही. कधी काही मागितलंय का मी?”

तिनं जन्मात काही मागितलं नव्हतं. ओन्नी रडला. होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी विश्वास ठेवला, लेम्पीनंही ठेवला. बाहेर आल्यावर वेलदोड्याचा पाव आणि कॉफी घेतली तिघांनी, आणि लेम्पीनं त्याला आपले लोकरी मोजे दिले.

सोमवारी सकाळी मी कॉफी करत होते. ओन्नी फोनवर बोलत होता. पायात लेम्पीचे मोजे. “हां बुशार, तळ्याच्या वरच्या अंगानं जा. तिथं बर्फ भक्कम आहे. खालच्या अंगाला झरा आहे, मी स्वतः पाहून आलोय,” आणि हसला. आपल्याच बुडण्यावर विनोद करून हसला! उकळती किटली माझ्या हातात होती. ती मी त्याच्यावर ओतली नाही, एवढंच माझं पुण्य.

“शनिवारी तू मान हलवलीस!”

“थंडीनं हलत होती.”

दोन दिवसांत उरलेलं भुईसपाट झालं. शेंडे होते तोवर हरणं खात राहिली. त्याच आठवड्यात सरोवरावरून वादळ आलं, तीन दिवस. मोकळ्या थोटकांच्या मैदानात वारा कुणाला ओळखत नाही. ती कुठं गेली नाहीत. आईनं दाखवलेली जागा होती ती. वादळ थांबल्यावर लेम्पी आणि मी आत गेलो. नवं वर्ष लागल्यावर त्या घरचं माणूस तिथं जाण्याची ही आजवरची पहिलीच वेळ. बर्फातून कान वर आलेले दिसायचे. एक म्हातारा नर उतारावर पाय मुडपून तसाच बसलेला होता, ऊन खात असल्यासारखा. लेम्पी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या नवऱ्याला अशा शिव्या दिल्या की मी इथं लिहू शकत नाही. एकही खोटी नव्हती.

एप्रिलमध्ये ओन्नी दक्षिणेत गेला. मला म्हणाला, “सामान बांध.” मी बांधलं, आणि लेम्पीकडे नेलं.

तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण वादळातूनही काही वाचली होती. डिसेंबरात पहिलं मोठं बर्फ पडलं आणि लेम्पी खिडकीत उभी राहायला लागली.

“ती येणार,” म्हणाली.

“तिथं काय उरलंय?”

“त्यांना काय माहीत? बर्फ अजून गुडघ्याएवढं आहे. आत्ता वळली तर नदीपलीकडच्या सरकारी जंगलात पोचतील, तिथं सीडर आहे. एकदा आत जाऊन उभी राहिली आणि बर्फ वाढलं की झालं.”

ज्या बाईनं जन्मभर त्या वाटेवर कुणाला खोकू दिलं नाही, ती वाटेच्या तोंडाशी पातेलं आणि डाव घेऊन उभी राहिली. थोरली मादी पुढे, मागे तिची दोन पाडसं, त्यामागे आणखी. लेम्पीनं पातेलं बडवलं. “चालत्या व्हा! निघा! मेल्यांनो, काही नाहीये इथं! मरायला आलात?” मीही ओरडले. मागची हरणं बिचकली. थोरली बिचकली नाही. कान पुढे करून लेम्पीकडे बघत राहिली. लेम्पीचा आवाज तिच्या ओळखीचा होता ना. या बाईपासून धोका नाही, हे पक्कं ठाऊक होतं तिला. चार दिवस आम्ही हाकलत होतो, चार दिवस ती लांबून वळसा घालून परत येत होती, आणि बाकीची तिच्या मागे. बर्फ मांडीला लागलं.

पाचव्या दिवशी लेम्पी पातेलं न घेता निघाली. माद्यांसाठीच्या डिसेंबरातल्या जादा हंगामाचे शेवटचे दिवस होते. मादीचा परवाना तिच्याकडे दरवर्षी असायचा, पण या वाटेवर तिनं कधी नेम धरला नव्हता.

“लेम्पी, नको,” मी म्हटलं.

“वाट हिला माहितीये. पाडसांना अजून नाही. ही गेली की वाट गेली.”

मादी आली, थांबली, कान पुढे केले. लेम्पी मला म्हणाली, “तू बघू नकोस.” मी बघितलं. एकच गोळी. बाकीची उधळली, आणि या वेळी खरी उधळली, पाडसांसकट, नदीच्या दिशेनं. लेम्पी तिच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि बाह्या सरसावून कामाला लागली, कारण मांस वाया घालवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओन्नीचा फोन आला. तिकडे फार ऊन आहे म्हणाला. मग, “काय गं, हरणं आली का दलदलीत? आठवण येते.”

आठवण येते!

“आली होती,” मी म्हटलं. “तुझ्या बहिणीनं थोरल्या मादीला वाटेवर गोळी घातली. बाकीची परत फिरली.”

शिकारी घरातला मुलगा आहे, त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. “लेम्पीनं?” एवढंच म्हणाला. “त्या वाटेवर?”

मी फोन ठेवला नाही. स्वयंपाकघरात लेम्पी मोठ्या सुरीनं मांसाचे तुकडे करत होती आणि मोठ्यानं रडत होती. मी रिसीव्हर वायर पुरेल तेवढा तिच्याकडे नेला आणि धरून उभी राहिले, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.